मास्तरांचा एक किलोवॉट

आमच्या टिळकवाडीतल्या घरात मिक्सर लावायचा तर आधी खालच्या मजल्यावर विचारावं लागे. खाली मास्तर राहत. ते आमचे भाडेकरू. घरमालकीण भाडेकरूची परवानगी घेऊन चटणी वाटते, असं घर सबंध बेळगावात दुसरं नसावं. आईला मात्र त्यात काही वावगं वाटत नसे. भांड्यात खोबरं-मिरच्या घालून ती तयार ठेवायची, स्वयंपाकघरातून खाली जाणाऱ्या लोखंडी पाइपवर चमच्यानं एक ठोका द्यायची आणि कान देऊन उभी राहायची. खालून दोन ठोके आले की मिक्सर सुरू.

कारण सरळ होतं. दोन मजल्यांना मिळून मीटर एक आणि त्याला मंजूर लोड एक किलोवॉट. घर बांधलं गेलं तेव्हा चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढाच पसारा होता, त्याला तो पुरून उरत असेल. पुढे फ्रिज आला, इस्त्री आली, पाण्याची मोटर आली, पण किलोवॉट एकच राहिला. दोन जड वस्तू एकदम लागल्या की जिन्याखालचा फ्यूज उडायचा आणि दोन्ही मजले गप्प व्हायचे.

मग लोड वाढवून का घेतला नाही, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर म्हणजे माझे वडील. हे घर आम्ही निपाणीच्या एका गृहस्थांकडून घेतलं आणि मीटर त्यांच्याच नावावर राहिला. लोड वाढवायचा तर आधी मीटर आपल्या नावावर करायला हवा, आणि तो फॉर्म कन्नडमध्ये. बाबा कोर्टात टायपिस्ट. जन्मभर दुसऱ्यांचे कागद त्यांनी इंग्रजीत बडवले, पण स्वतःच्या घराच्या कागदावर सही करायची तर तो मराठीतच हवा, हा त्यांचा हट्ट होता. सीमाप्रश्नाचा एक मोर्चा त्यांनी चुकवला नाही. "निकाल लागू दे," ते म्हणत. "फॉर्म मराठीत येईल, मग भरतो." निकाल कोर्टात पडून राहिला आणि आमचा किलोवॉट जिन्याखाली.

मास्तर बेळगावजवळच्या काकतीचे. घरची भाषा कन्नड, आयुष्यभर कन्नड शाळेत विज्ञान शिकवलं. बाबांशी त्यांचं कसं जमलं ते दोघांनाच ठाऊक. दर वर्षी एकदा तरी मास्तर तो फॉर्म घेऊन वर यायचे.

"मी भरून देतो की नाना, तुम्ही निस्ती सही करा. पायजे तर डोळे मिटून करा."

"डोळे मिटून सही करणारे होते म्हणूनच आम्ही इकडं राहिलो, मास्तर," बाबा म्हणायचे.

त्यावर दोघंही हसत आणि कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकत. फॉर्म परत खाली जायचा. मास्तरांनी तो कधी फेकून दिला नाही. पुढे पिवळा पडलेला तोच कागद त्यांनी मला फोनवर दाखवला.

फॉर्म भरला जात नाही म्हटल्यावर मास्तरांनी आहे त्या किलोवॉटची शाळा मांडली. शाळेतला फुटका फळा आणून मीटरशेजारी टांगला. डावीकडे कन्नडमध्ये, उजवीकडे मराठीत वेळापत्रक. मराठी बाजू बाबा तपासायचे आणि ऱ्हस्व-दीर्घ खडूनं दुरुस्त करायचे. सहा वाजता खालची कॉईल, म्हणजे बादलीत सोडून पाणी तापवायची ती. साडेसहाला वरची. सातला मोटर. इस्त्री रविवारी. वेळापत्रकाबाहेर काही लावायचं झालं तर पाइपवर ठोका. एक ठोका म्हणजे लावू का. दोन म्हणजे लावा. उत्तर आलं नाही तर थांबायचं, कितीही घाई असली तरी. मास्तर खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावत, त्याच टेस्टरनं ठोकत, आणि त्यांचे दोन ठोके लागोपाठ येत. आईचे तसे नसत. ती एक ठोका द्यायची, मग जाऊन इस्त्री नाहीतर जे काही चालू असेल ते बंद करून यायची आणि मग दुसरा द्यायची. मधल्या वेळात मास्तर खाली बटणावर बोट ठेवून उभे असायचे.

"एका वेळी एक," हे त्यांचं पालुपद. ते फक्त आमच्यासाठी नव्हतं. त्यांच्या तीन खोल्यांत होल्डर तीन होते, पण बल्ब एकच. संध्याकाळी ते वाचत बसले असताना चहाची तल्लफ आली की पंच्याच्या टोकानं तो गरम बल्ब काढायचा, अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात जायचं आणि तिथे लावायचा. "माणूस एका वेळी एकाच खोलीत असतो की न्हाय?" ते विचारत. त्यांनी लग्न का केलं नाही हा विषय निघाला की आई म्हणायची, दुसरा बल्ब घ्यावा लागला असता.

मी सहावीत असताना एकदा पंखा चालू ठेवून खेळायला गेलो. परत आलो तर अंगणात सायकल उलटी करून ठेवलेली आणि शेजारी मास्तर. सायकलच्या डायनॅमोला त्यांनी एक चिमुकला दिवा जोडला होता. त्यांच्या शाळेतली ही नेहमीची शिक्षा आहे, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला हातानं पेडल फिरवायला लावलं. दिवा पेटला की वेग सोडायचा नाही. पाच मिनिटांत माझे खांदे भरून आले. वरून आई बघत होती, पण ती मध्ये पडली नाही.

"बटण दाबणाऱ्याला दम लागत न्हाय," मास्तर म्हणाले. "म्हणून त्याला कळत न्हाय."

हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा मित्रांना नक्कल करून ऐकवलं. तेव्हा त्यात मला नुसती गंमत दिसायची.

शिकून मी नेदरलँड्सला गेलो आणि तिथलाच झालो. बाबा गेले. घर त्यांनी हयातीतच माझ्या नावावर करून ठेवलं होतं. मीटर तेवढा निपाणीकरांच्या नावावर. आई वर एकटी, मास्तर खाली एकटे, मध्ये पाइप. मी आईला म्हणायचो, तिकडे ये. ती म्हणायची, मास्तरांना उत्तर कोण देईल? मला वाटे ती चेष्टा करते आहे.

गेल्या वर्षी आम्ही विजेवर चालणारी गाडी घेतली. ती घरी चार्ज करायची तर घराचा लोड वाढवायला हवा होता. सोफ्यावर बसून मोबाइलवर अर्ज भरला. दहा मिनिटंही लागली नसतील. काही आठवड्यांनी एक माणूस आला, काम केलं, कॉफी पिऊन गेला. मी हौसेनं मास्तरांना फोन करून सांगितलं. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं.

"मग गाडी लावली की घरातलं बाकीचं काय बंद करता?"

"काहीच नाही, मास्तर. सगळं एकदम चालतं."

ते म्हणाले, "मग घरातली माणसं एकमेकाला इचारतात तरी कशासाठी?"

आईचा दम वाढला तो त्याच हिवाळ्यात. फुफ्फुसं निकामी होत चालली होती. मार्चमध्ये तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, बऱ्या होणार नाहीत, पण घरी नेता येईल. घरी ऑक्सिजनचं मोठं यंत्र लागेल, दिवसरात्र. जोडीला दुसरं तयार ठेवायचं, आणि उन्हाळा असल्यानं खोली गार हवी. सिलिंडर तासांत संपतील, इन्व्हर्टर एवढा वेळ टिकणार नाही. यंत्र भाड्यानं देणाऱ्यांचा माणूस घर बघायला आला. जिन्याखाली फ्यूज बघितला, फळा बघितला आणि मान हलवून गेला. लोड वाढवून मिळाल्याशिवाय यंत्र देता येणार नाही म्हणाला.

म्हणजे आईचं घरी येणं आता एका अर्जावर आलं होतं. चांगला फ्लॅट भाड्यानं घेऊ, असं मी तिला फोनवर म्हटलं. ती म्हणाली, "दवाखाना बदलून दुसऱ्या दवाखान्यात कशाला नेतोस? मला घरी जायचंय." बोलताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. मग म्हणाली, "खाली मास्तर ठोका देत असतील रे. वर कोण आहे?"

मास्तरांचा कुणाच्या सांगण्यावर विश्वास नव्हता. त्यांनी आधी स्वतः प्रयोग केला. जुन्या शाळेतून शंभर वॉटचे बल्ब आणले, एका फळीवर ओळीनं बसवले, यंत्र आणि गार हवेचा मिळून होईल तेवढा हिशेब जुळवला आणि ती फळी आईच्या रिकाम्या खाटेवर ठेवली. खालच्या मजल्याची वीज मुळातून तोडली. फ्रिज बंद. मोटर बंद. स्वतः जिन्याखाली स्टूल टाकून फ्यूजसमोर बसले. मी व्हिडिओ कॉलवर बघत होतो. एप्रिलमधली दुपार, ऐंशीच्या घरातला माणूस, गळ्यात पंचा, नजर चिनी मातीच्या त्या फ्यूजवर. तासातासानं हाताची उलटी बाजू जवळ नेऊन ऊब बघायचे. मी म्हणालो, मास्तर, जेवून घ्या. ते म्हणाले, तू बोलू नको.

सात तासांनी फ्यूज गेला. मास्तर उठले नाहीत. "सात तास," ते म्हणाले. "सात तास श्वास दिला रं आपल्या किलोवॉटनं. पुढं न्हाय जमलं." त्यांच्या आवाजात लाज होती, जणू नापास झालेला मुलगा त्यांच्याच वर्गातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिवळा फॉर्म बाजूला ठेवून नवा फॉर्म आणायला वीज कार्यालयात गेले.

जुन्या मालकांच्या वारसाची संमती हवी होती. ते गृहस्थ कधीच वारले होते. मास्तर एसटीनं निपाणीला गेले, दोन दिवस विचारत फिरले आणि त्यांच्या मुलीला शोधून काढलं. तीही सत्तरीची. तिनं चहा केला, पाणी आलं म्हणून मोटर लावली आणि त्याच वेळी मिक्सरही लावला. मास्तरांनी संमतीचा कागद बाजूला ठेवून आधी तिला अर्धा तास एका वेळी एकचा धडा दिला. तिनं सही तर दिलीच, वर डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली, दवाखान्यातल्या आक्कांसाठी. मास्तर आईला आक्का म्हणत, तीही म्हणू लागली. सगळी कामं त्यांनी अशी केली. पायी, बसनं, रांगेत उभं राहून. आता उरली होती फक्त माझी सही.

इथे मी जे केलं ते लिहिल्याशिवाय हे व्यक्तिचित्र खोटं ठरेल.

माझ्या वतीनं मास्तरांनी अर्ज करावा असं अधिकारपत्र द्यायचं होतं. मजकूर त्यांनी पाठवला, कन्नडमध्ये. मी तो छापला, टेबलावर ठेवला. समोर भिंतीवर बाबांचा फोटो. मला शाळेत असताना त्यांनीच सही शिकवली होती, मराठीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट देऊन. पासपोर्टसाठी मी इंग्रजी सही केली तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. त्या संध्याकाळी काय भरून आलं कोण जाणे. ज्या कागदावर बाबांनी जन्मात सही केली नसती, त्यावर निदान सही तरी मराठीत करावी असं मला वाटलं. मी केली. लांब शेपूट देऊन केली. सोबत पासपोर्टची प्रत जोडली आणि कुरिअरनं धाडलं. देश सोडून वीस वर्षं झालेल्या माणसाची सीमाचळवळ ती एवढी.

कार्यालयानं कागद परत केला. त्यांचं काही चुकलं नाही. पासपोर्टवरची सही वेगळी, कागदावरची वेगळी. आता वकिलातीत जाऊन, पासपोर्टप्रमाणे सही करून, ती साक्षांकित करून पाठवा म्हणाले.

मास्तर रागावतील म्हणून मी फोन उचलायला घाबरलो. ते रागावले नाहीत.

"सही चांगली आलीया," ते म्हणाले. "नानांना लई आवडली असती. पण आक्काला ती उपयोगाची न्हाय रं."

वकिलातीत वेळ मिळायला तीन आठवडे गेले. मिळालेल्या दिवशी ऑफिसात महत्त्वाची बैठक होती, म्हणून मी ती वेळ पुढे ढकलली. आणखी दोन आठवडे. आज मला ती बैठक कशाची होती ते आठवत नाही. तिकीट काढून सरळ बेळगावला आलो असतो तर एका दिवसात सही झाली असती. पण सहीच तर आहे, असं मी बायकोला म्हणत होतो, बॉसला म्हणत होतो, स्वतःला म्हणत होतो. सहीसाठी कुणी विमानानं येतं का?

त्या सगळ्या दिवसांत मास्तर खालच्या मजल्यावर विजेशिवाय राहिले. प्रयोगासाठी तोडलेली जोडणी त्यांनी परत जोडलीच नाही. आक्काची खोली तयार पाहिजे, तिच्या वाट्याचा करंट आपण वापरायचा नाही, असं त्यांचं गणित. ते गणित चुकीचं होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. रोज चार वाजता ते दवाखान्यात जात आणि खाटेशेजारी बसून अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते आईला सांगत. नर्स मला फोनवर म्हणाली, त्या रोज विचारतात, आज कुठवर आलं?

दुसरा कागद बेळगावला पोचला त्या सोमवारी मास्तर तो घेऊन आधी कार्यालयात गेले, पोच घेतली आणि पोच आईला दाखवायला दवाखान्यात गेले. आई सकाळीच गेली होती. मला फोन मास्तरांनीच केला. "अर्ज घेतला रं त्यांनी," ते म्हणाले. पोच आक्काला दाखवली असं मात्र म्हणाले नाहीत, आणि मला कळलं.

लोड पुढच्या महिन्यात मंजूर झाला. सात किलोवॉट, थ्री फेज. मास्तरांनी जिन्याखालचा फळा काढला आणि त्या जागी नवा मीटर बसला. त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

डिसेंबरात मी रजा घेऊन आलो. घराचं काय करायचं ते ठरवायला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. वरच्या मजल्यावर मी गीझर बसवून घेतला, खोलीत हीटर ठेवला. बेळगावची थंडी मला आता सोसत नाही. खालची जोडणीही करून दिली. मास्तर माझ्याशी चांगलं बोलत, जेवायला बोलवत. त्यांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही आणि ते मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी चहा टाकत होतो. पाइपवर एक ठोका आला.

मी दचकलो. मग चमचा शोधला आणि घाईघाईनं दोन ठोके दिले. खालून पाण्याचा, कॉईलचा, कसलाच आवाज आला नाही. दहा मिनिटं वाट बघून खाली गेलो. मास्तर न्हाणीच्या दारात स्टुलावर बसले होते, उघडे, खांद्यावर पंचा. बादलीत कॉईल सोडलेली होती. बटण बंद होतं.

"मास्तर, ठोके दिले की मी."

"ऐकलं. लागोपाठ दिलास."

"मग?"

"आक्का मधी जाऊन कायतरी बंद करून यायची," ते म्हणाले. "तू काय बंद केलास?"

वर गीझर चालू होता. हीटर चालू होता, फ्रिज, विजेची शेगडी, लॅपटॉप, दोन खोल्यांतले दिवे. "आता काही बंद करायची गरज नाही, मास्तर," मी म्हणालो. "सात किलोवॉट आहेत."

"व्हय," मास्तर म्हणाले. "आता गरज न्हाय."

त्यांनी कॉईल बादलीतून काढली, पाणी निथळू दिलं आणि खिळ्याला अडकवून ठेवली. मग न्हाणीत जाऊन दार लोटलं. मी जिना चढत असताना पहिला तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज आला आणि त्यांनी थंडीनं घेतलेला श्वास मला वरपर्यंत ऐकू आला. मी धावत जाऊन गीझर बंद केला, हीटर बंद केला, दिवे घालवले. मग पाइपवर, आई द्यायची तो, दुसरा ठोका दिला. तोवर त्यांची आंघोळ उरकली होती.